दुसरी गुंडाळी

फैयाज बागवानला खंबाटकी तिसऱ्यावर चढायची आहे.
भरल्या गाडीनं. पैज मेव्हण्याशी,
आणि मेव्हण्याशी लागलेली पैज
कधीच पैशाची नसते.

टर्बो मोठा बसवला, मॅप बदलला.
रिकामी गाडी आळंदी रस्त्याला अशी सुटते
की मागच्या ताडपत्रीला धाप लागते.
पण माल चढला, दाब वाढला,
की बावीसशेच्या पुढे
इंजिन बोलता बोलता शब्द गिळतं.
चौथा सिलिंडर, मग दुसरा,
मग पुन्हा चौथा.

डिझेल असतं तर दाबानंच पेटलं असतं.
गॅसला ठिणगी लागते.
प्लगची फट दोनदा कमी केली.
मिसिंग दोनदा लांब गेलं
आणि दोनदा घर शोधत परत आलं.

म्हणून आता बाकावर चार कॉइल.
कंपनीची मूळ, जिची हद्द आम्हीच ओलांडली.
नाना पेठेतली लाल, पाठीवर वीज कोरलेली,
खोक्यावर 'चाळीस टक्के जास्त',
कशापेक्षा, ते लिहिलेलं नाही.
परदेशी निळी; तसल्या सहा घ्यायच्या
तर शटरचं वर्षभराचं भाडं.
आणि एक काळी, भोसरीचीच,
कुठल्याशा गॅस जनरेटरसाठी केलेली,
नाव इतकं बारीक
की चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागतो.

मी मीटर लावतो.
पहिली गुंडाळी अर्ध्या ओहमच्या आसपास,
दुसरी काही हजारांत.
आकडे सगळ्यांचेच सभ्य.
थंड असताना सगळ्यांचेच असतात.

एवढ्यात शालनमावशी डबा घेऊन येते.
मेथीची भाजी, वर कांदा, आणि उशीर झाल्याची कुरकुर.
एकोणीस वर्षं ती जे ब्लॉकमध्ये बसली,
केसाहून बारीक तांब्याची तार
बोटांच्या पेरांतून सोडत.
वेढे मशीन मोजायचं.
थर घसरला तर मशीनला शेवटी कळायचं,
मावशीला आधी.

डबा ठेवायला जागा करताना
तिनं लाल उचलली, नखानं टिचकी मारली.
"हिच्यात राळ भरताना घाई केली रे.
फुगा राहिलाय.
घाटात तापली की ठिणगी
आतल्या आत जाईल, बाहेर येणारच नाही."
मग काळी. पालथी केली,
खालच्या राळेवर अंगठा फिरवला,
भाकरी झाली का बघतात तसा.
"हिच्यामागं कुणीतरी नीट बसलेलं होतं."

तुमच्याच कंपनीची?
"आमची बंद पडली त्याला सात वर्षं झाली.
पोरी कुठंतरी गेल्याच असतील ना कामाला."
आणि हात धुवायला गेली.

मावशीवर विश्वास नव्हता असं नाही.
पण गाडी फैयाजची, घाट साताऱ्याचा.
चारही कॉइल भट्टीजवळ ठेवून
चाळीस मिनिटं ठिणग्या पाडल्या.
मूळ दमली.
लाल पंचविसाव्या मिनिटाला गप्प.
निळी चालली, चालणारच होती.
काळी चालली, पण फार तापली.
म्हणजे तिला भरायला वेळ कमी द्यायचा,
हावरटपणा मॅपमधून काढायचा.
प्लग वेगळा, भोकं जुळत नाहीत.
तिकोन्यानं लेथवर सहा पट्ट्या करून दिल्या,
सातवी मागितली तर म्हणाला, चहा पाज.

सात काळ्या घेतल्या. एक सीटखाली.

फोन रात्री सव्वादोनला आला.
फैयाज काय सांगत होता, काही कळेना,
तिसरा की चौथा की देवाचं नाव,
सगळं इंजिनच्या आवाजात बुडालेलं.
मी हॅलो, हॅलो करत राहिलो.
मावशी पाण्याला उठली होती.
तिनं फोन माझ्या हातातून घेतला,
डोळे मिटले, जरा वेळ कानाशी धरला,
आणि परत देत म्हणाली,
"सहाही आहेत."